बिनकुलपाचं गाणं

सीडीला कुलूप नव्हतं. १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी ती बाजारात आणली, तेव्हा तिच्यावरचं गाणं कुणी घरच्या संगणकात उतरवून घेईल ही शंका कुणाच्या मनाला शिवलीही नसावी. शिवणार तरी कशी? एका सीडीत सहाशे-साडेसहाशे मेगाबाइट ऐवज मावतो, आणि १९८३ साली आयबीएमने आपल्या पीसी एक्सटीबरोबर दिलेली हार्ड डिस्क होती १० मेगाबाइटची. चार मिनिटांचं एक गाणं ठेवायला असे चार संगणक शेजारी शेजारी मांडावे लागले असते. तेव्हा सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असं अगदी स्वच्छ ध्वनिमुद्रण रेकॉर्ड कंपन्यांनी निर्धास्तपणे चकतीवर ओतलं आणि पुढची वीस वर्षं ते विकून त्या गब्बर झाल्या.

हे आधीच सांगून ठेवते, कारण कुलूप न लावता डिजिटल गाणी विकणं म्हणजे धंद्याची आत्महत्या, असं याच कंपन्या पुढे म्हणू लागल्या. म्हणत होत्या तेव्हाही त्यांची दुकानं बिनकुलपाच्याच मालाने भरलेली होती.

मधल्या काळात झालं होतं ते असं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही ते ध्वनीतून काढून टाकायची रीत बसवली. मोठ्या आवाजाच्या आड लपलेला बारीक आवाज आपल्याला कळत नाही, मग तो साठवायचा कशाला? सीडीवरचं संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट खातं, एमपीथ्री १२८ मध्ये भागवतं. म्हणजे अकरा हिश्शांतला एक हिस्सा. १९९५ साली या फाईलींच्या नावाला ‘एमपीथ्री’ हे शेपूट लागलं. तोवर संगणकांत सीडी ड्राइव्ह आलेला होता. १९९९ च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग या कॉलेज सोडलेल्या मुलाने नॅपस्टर सुरू केलं, आणि लोक एकमेकांच्या हार्ड डिस्कवरची गाणी परस्पर उचलू लागले. कोर्टकचेऱ्यांनंतर २००१ च्या जुलैत ते बंद पडलं. पण लोकांना चटक लागली ती लागलीच.

कंपन्यांनी मग कुलपं शोधायला घेतली. या कुलपाचं अधिकृत नाव डिजिटल राइट्स मॅनेजमेंट, म्हणजेच डीआरएम. १९९८ सालीच अमेरिकेत असा कायदा झाला होता की असलं कुलूप फोडणं हाच मुळात गुन्हा, मग आतल्या गाण्याचं तुम्ही काहीही करा. त्याच वर्षाच्या शेवटी कंपन्यांनी एसडीएमआय नावाची एक आघाडी उभारली. गाण्यात न ऐकू येणारी खूण मिसळायची आणि ती खूण पाहून यंत्राने ठरवायचं की वाजवायचं की नाही, असा तो बेत. २००० च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर आव्हान दिलं: फोडून दाखवा, बक्षीस मिळवा. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एडवर्ड फेल्टन यांच्या चमूने खुणा पुसून दाखवल्या. बक्षीस मात्र त्यांनी नाकारलं, कारण ते घेतलं तर तोंड बंद ठेवायच्या करारावर सही करावी लागणार होती. पुढच्या एप्रिलमध्ये ते आपला निबंध वाचायला निघाले तेव्हा त्यांना कायद्याचा धाक घालणारं पत्र आलं. निबंध त्यांनी मागे घेतला आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या परिषदेत वाचला. आव्हान देऊन हरायचं आणि हरल्यावर जिंकणाऱ्याला कोर्टात खेचायची भाषा करायची, हा प्रकार मला तेव्हाही विलक्षण वाटला होता.

खरं तर हरणं आधीच ठरलेलं होतं. सांकेतिक लिपीचा नेहमीचा व्यवहार तीन जणांचा असतो. पाठवणारा, घेणारा आणि मध्ये टपून बसलेला. पाठवणारा मजकूर कुलुपात घालतो, घेणाऱ्याकडे किल्ली असते, टपून बसलेल्याकडे नसते. गाण्याच्या डीआरएममध्ये हा तिसरा माणूसच गायब आहे. गाणं विकत घेणारी मी, आणि जिच्यापासून ते राखायचं तीही मीच. मला ऐकू यायला हवं म्हणून किल्ली माझ्याच यंत्रात ठेवावी लागते, आणि मला ती सापडू नये म्हणून तिथेच कुठेतरी लपवावीही लागते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या आणि वर डोळे मिटून घ्यायला सांगायचं, असा हा कारभार. बरं, किल्ली नाहीच सापडली तरी शेवटी गाणं स्पीकरमधून हवेत येणारच. ते कानापर्यंत पोहोचलं की मायक्रोफोनपर्यंतही पोहोचतं.

हे सगळं बाहेरचे टीकाकारच म्हणत होते असंही नाही. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या चार अभियंत्यांनी एक निबंध लिहिला. त्याचं सार असं: लाखो कुलपांतलं एक जरी उघडलं तरी बाहेर पडलेली ती एक प्रत साऱ्या जगाला पुरते. मग उरलेल्या कुलपांना काय अर्थ? उलट कायदेशीर माल जितका जखडावा तितकं गिऱ्हाईक बेकायदेशीर मालाकडे ढकललं जातं. कुलपं बनवून विकणाऱ्या कंपनीच्याच पगारी माणसांनी हे लिहावं, याचं मला आजही कौतुक वाटतं. त्या कंपनीने कुलपं बनवणं काही सोडलं नाही, ती गोष्ट वेगळी.

कुलपातली गाणी मीही विकत घेतली आहेत. ज्या दुकानातून घेतली ते आता नाही. नाव सांगून उपयोगही नाही. पैसे दिले, फाईल आली, वाजली. मग संगणक बदलला. फाईल नव्या संगणकावर आली, पण तिच्याबरोबर यायला हवी होती ती परवानगी आली नाही. पडद्यावर पाटी झळकली की हे गाणं वाजवण्याचा हक्क तपासायचा आहे, तेव्हा दुकानाशी संपर्क होईपर्यंत थांबा. संपर्क कधी व्हायचा, कधी नाही. त्याच सुमारास ओळखीतल्या एकाने तेच गाणं फुकटात उतरवून घेतलं होतं. त्याच्याकडे ते संगणकावर वाजत होतं, खिशातल्या प्लेयरवर वाजत होतं, गाडीतही वाजत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझं गाणं त्याच्या गाण्याहून सरळ सरळ कमी प्रतीचं होतं, आणि ती कमी प्रत मी पैसे मोजून घेतली होती.

या प्रकाराचा कळस पाहायचा तर मात्र सीडीकडेच परतावं लागतं. उघड्या सीडीला मागाहून कुलूप घालायचे प्रयत्न २००० नंतर जोरात सुरू झाले. एका पद्धतीत चकतीच्या कडेला मुद्दाम चुकीची माहिती लिहून संगणकाला गोंधळात पाडलं जाई. २००२ साली लोकांच्या लक्षात आलं की त्या कडेवर साध्या मार्कर पेनने रेघ ओढली की गोंधळ संपतो. फिलिप्सने तर अशा चकत्यांवर सीडीचं अधिकृत बोधचिन्ह छापायलाच हरकत घेतली. ठरलेल्या मानकात न बसणारी चकती ही सीडी नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. २००३ साली सनकॉम नावाच्या कंपनीने दुसरा उपाय काढला. चकती संगणकात घातली की तिच्यातून एक छोटा प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा आणि नक्कल करू द्यायचा नाही. ॲलेक्स हाल्डरमन या प्रिन्स्टनच्याच विद्यार्थ्याने दाखवून दिलं की चकती घालताना कीबोर्डवरची शिफ्टची कळ दाबून धरली की तो प्रोग्रॅम चालूच होत नाही. कंपनीने आधी एक कोटी डॉलरचा दावा ठोकायची भाषा केली आणि मग, बहुधा शिफ्टच्या कळीवर दावा कसा ठोकायचा हे न कळल्यामुळे, माघार घेतली.

आणि मग २००५ चं ते प्रकरण. ३१ ऑक्टोबरला मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने लिहिलं की आपल्या संगणकात एक छुपा प्रोग्रॅम सापडला, आणि माग काढत गेलो तर तो सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीच्या एका सीडीतून आलेला निघाला. एक्ससीपी त्याचं नाव. तो विंडोजच्या पोटात शिरून बसायचा आणि विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाईल संगणकाच्या नजरेआड करायचा, म्हणजे स्वतः कुणाला दिसू नये. संगणकाच्या भाषेत याला रूटकिट म्हणतात, आणि ते हत्यार एरवी घुसखोरांचं. पण जे कंपनीला लपवता येतं ते दुसऱ्यालाही त्याच आडोशाने लपवता येतं. काही दिवसांतच त्या पडद्याआड दडणारे व्हायरस आले. काढून टाकायला म्हणून कंपनीने जे साधन दिलं त्याने संगणकाला आणखी एक भोक पडलं. कंपनीचा एक बडा अधिकारी रेडिओवर म्हणाला की बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, मग त्यांनी त्याची काळजी कशाला करायची. पन्नासाहून अधिक अल्बम या कुलपाखाली विकले गेले होते. ते परत मागवावे लागले, खटले झाले, भरपाई द्यावी लागली. वरची कडी म्हणजे दुसऱ्यांच्या हक्कांच्या रक्षणासाठी बनलेल्या त्या प्रोग्रॅममध्येच, इतरांच्या मुक्त सॉफ्टवेअरचे तुकडे परवान्याच्या अटी न पाळता घातलेले तज्ज्ञांना आढळले.

यातून मला कळलेली गोष्ट म्हणजे संगणकाला विषबाधा झाली ती दुकानात जाऊन, रांगेत उभं राहून, पैसे देऊन सीडी घेणाऱ्यांच्या. फुकट्यांचे संगणक या चकत्यांपासून ठणठणीत राहिले.

तरीही कुलूप गेलं ते गिऱ्हाइकाच्या शिव्याशापांमुळे गेलं, असं मला वाटत नाही. कुलूप गेलं ते कंपन्यांना त्या कुलपाचा खरा मालक कोण हे उशिरा समजलं म्हणून. इतिहासाचा हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

२८ एप्रिल २००३ रोजी ॲपलने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. दोन लाख गाणी, कुठलंही एक घ्या, ९९ सेंट. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. कंपन्यांनी गाणी दिली ती अर्थातच कुलपाच्या अटीवर. ॲपलने फेअरप्ले नावाचं कुलूप बनवलं. गाणं आधी तीन आणि पुढे पाच संगणकांवर चालायचं, आणि आयपॉड कितीही चालत. सीडीवर उतरवायचीही मुभा होती. आता उतरवलेली सीडी म्हणजे पुन्हा ती जुनी उघडी सीडी, तीच परत संगणकात घातली की कुलूप नाहीसं. थोडी प्रत घसरायची, एवढंच. म्हणजे मागचं दार कुलूपवाल्यांनी स्वतःच ठेवलं होतं. पण आळस हाही एक पहारेकरीच. शेकडो गाण्यांसाठी हा उपद्व्याप कोण करत बसणार?

फेअरप्ले ॲपलने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. या दुकानात घेतलेलं गाणं खिशातल्या दुसऱ्या कुठल्याही प्लेयरवर वाजेना, आणि दुसऱ्या दुकानातलं कुलूपबंद गाणं आयपॉडवर वाजेना. रिअलनेटवर्क्स या स्पर्धक कंपनीने २००४ साली फेअरप्लेची नक्कल करून आपली गाणी आयपॉडवर वाजवून दाखवली, तेव्हा ॲपलने त्यांच्यावर हॅकरगिरीचा ठपका ठेवला. मायक्रोसॉफ्टचं कुलूप बऱ्याच यंत्रांवर चालायचं, नावही मोठं भरवशाचं, ‘प्लेजफॉरशुअर’. पण २००६ साली त्याच कंपनीने झून नावाचा स्वतःचा प्लेयर काढला आणि त्यावर ही हमखास वाजणारी गाणी वाजेनात. याहून मोठी थट्टा शत्रूलाही सुचली नसती.

आता रेकॉर्ड कंपन्यांच्या बाजूने पाहा. बाजारात आयपॉडचं राज्य आलेलं. आयपॉडवर कुलूपबंद गाणी एकाच दुकानातली चालतात. तिथे गाण्याची किंमत दुकानदार ठरवतो, आणि तो ९९ सेंटवरून हलायला तयार नाही. नव्या लोकप्रिय गाण्याला जास्त भाव हवा ही कंपन्यांची मागणी तो धुडकावून लावतो. या दुकानदाराला टाळून आयपॉडवाल्या गिऱ्हाइकापर्यंत कसं पोहोचायचं? आयपॉड दोनच प्रकारचा माल घेतो: ॲपलच्या कुलपातला, नाहीतर बिनकुलपाचा. आपणच हट्टाने मागून घेतलेल्या कुलपाची किल्ली भलत्याच माणसाच्या खिशात गेली, हे ध्यानात आलं तेव्हा उघडा एमपीथ्री हाच सुटकेचा मार्ग उरला होता.

फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहिलं. त्यातला हिशेब असा. ९ कोटी आयपॉड विकले गेले आणि २०० कोटी गाणी, म्हणजे सरासरी एका आयपॉडमागे २२. हजार गाण्यांच्या यंत्रात २२ गाणी कुलपातली, बाकी सारी कुठून तरी आलेली उघडी. शिवाय २००६ या एका वर्षात जगभर कुलूपबंद गाणी २०० कोटींच्या आत विकली गेली, आणि त्याच वर्षी याच कंपन्यांनी सीडीवर २,००० कोटींहून अधिक गाणी अगदी उघडी विकली. मग कुलूप कशासाठी? कंपन्यांनी परवानगी दिली तर आम्ही एका पायावर तयार आहोत. पत्र वाचून लोक भारावले होते. मी तितकी भारावले नाही. नॉर्वेतल्या ग्राहक लोकपालाने नुकतंच आयट्यून्सचं कुलूप तिथल्या कायद्याविरुद्ध ठरवलं होतं, युरोपात इतरत्रही दबाव वाढत होता, आणि दोषाचं बोट दुसऱ्याकडे वळवायला ही वेळ उत्तम होती. हेतू काही असो, आकडे मात्र बिनतोड होते.

एप्रिलमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने कुलूप काढायची घोषणा केली आणि मेअखेर त्यांची उघडी गाणी आयट्यून्सवर आली, दुप्पट दर्जाची, १.२९ डॉलरला. आधी घेतलेलं गाणं सोडवून घ्यायचं असेल तर गाण्यामागे आणखी ३० सेंट. (कुलूप घालताना विचारलं नव्हतं, काढताना मात्र बिल.) सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने सगळीच गाणी एमपीथ्रीत विकणारं दुकान उघडलं. तिथे ईएमआय आणि युनिव्हर्सल पहिल्यापासून होत्या. डिसेंबरमध्ये वॉर्नर आली, आणि २००८ च्या जानेवारीत, रूटकिटच्या प्रकरणानंतर जेमतेम दोन वर्षांनी, सोनी बीएमजीसुद्धा. चारही बड्या कंपन्यांचा उघडा माल आता ॲमेझॉनकडे होता, आणि ॲपलकडे फक्त एकीचा. इतरांनी ॲपलला तो आणखी वर्षभर दिला नाही. ६ जानेवारी २००९ रोजी अखेर आयट्यून्सवरचं कुलूप निघत असल्याची घोषणा झाली, आणि त्याच घोषणेत ९९ सेंटच्या जागी ६९, ९९ आणि १.२९ असे तीन भाव आले. कोणी कोणाला काय दिलं हे यावरून ज्याचं त्याने ओळखावं.

या मोठ्यांच्या भांडणात एक अन्याय होऊ नये. ईमुझिक हे दुकान १९९८ पासूनच उघडे एमपीथ्री विकत होतं. जॉन बकमन यांनी २००३ साली काढलेल्या मॅग्नाट्यूनने तर गाणं पूर्ण ऐका, मग ठराविक मर्यादेत हवी ती किंमत द्या, अर्धे पैसे कलावंताला, असा शिरस्ता घातला होता. तिथे कुणी बुडालं नव्हतं. फक्त तिकडे पाहायला कुणाला वेळ नव्हता.

कुलपाचा खरा तळतळाट कुलूप जायला लागल्यावर आला. २००८ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना कळवलं की परवाने देणारे सर्व्हर ऑगस्टअखेर बंद होतील. त्यानंतर नव्या संगणकावर तुमची गाणी चालणार नाहीत. ओरडा झाला तेव्हा मुदत २०११ पर्यंत वाढवली. त्याच वर्षी याहूनेही तेच केलं, आणि मग भरपाईदाखल कूपनं वगैरे दिली. दोघांचाही गिऱ्हाइकांना सल्ला एकच: गाणी सीडीवर उतरवून घ्या. सव्वीस वर्षं फिरून गाडी १९८२ च्या उघड्या चकतीपाशी येऊन थांबली.

बिनकुलपाने विकल्यावर झालं काय? आकाश कोसळलं नाही, तसं सोनंही बरसलं नाही. लॉरिना झांग या संशोधिकेने चारही कंपन्यांनी कुलूप वेगवेगळ्या वेळी काढलं याचा फायदा घेऊन ६३४ कलावंतांच्या ५,८६४ अल्बमांची विक्री तपासली. कुलूप गेल्यावर डिजिटल विक्री सरासरी १० टक्क्यांनी वाढली. पण ही वाढ सारखी नव्हती. आधीच धो धो खपणाऱ्या अल्बमांना काही फरक पडला नाही. कमी खपणाऱ्यांची विक्री मात्र ३० टक्क्यांनी वाढली. मला हे अगदी पटतं. प्रसिद्ध गाण्याची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. अनोळखी गायिकेचं गाणं मात्र कुणीतरी कुणालातरी ‘हे ऐक’ म्हणून दिल्याशिवाय पोहोचतच नाही. कुलूप नेमकं ते ‘हे ऐक’ बंद करतं. ज्यांना चोरीची भीती होती त्यांना कुलपाने वाचवलं नाही, आणि ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना मात्र त्याने आणखी कोपऱ्यात ढकललं.

बँडकॅम्पवर मी गाणी घेते ती याच कारणाने. एथन डायमंड आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ साली ते सुरू केलं. कलावंत स्वतः किंमत ठरवतो, डिजिटल विक्रीतला १५ टक्के हिस्सा दुकानाचा, तोही विक्री एका मर्यादेपुढे गेली की १०. पैसे भरले की विचारतात कुठल्या प्रकारात हवं. मी फ्लॅक घेते. त्यात ध्वनीतलं काही गाळलेलं नसतं आणि तो प्रकार कुणाच्या मालकीचाही नाही. एमपीथ्रीवरचा परवान्याचा कारभारही २०१७ साली संपला. किमतीच्या चौकटीत हव्या त्याहून जास्त रक्कम टाकायची सोय असते, आणि लोक ती वापरतात. चोर समजून वागवलं नाही तर माणसं कधी कधी दात्यासारखी वागतात. नेहमीच वागतात असं म्हणण्याचा भाबडेपणा माझ्याकडे नाही. उघडं गाणं मित्राला दिलं जातं, मित्राच्या मित्राला दिलं जातं, आणि त्यातल्या प्रत्येकाने ते नंतर विकत घेतलं असतं असं कोण म्हणेल? कलावंताचं पोट हा खरा प्रश्न आहे, आणि कुलूप काढल्याने तो सुटलेला नाही. माझं म्हणणं इतकंच की कुलूप घालूनही तो सुटला नव्हता.

एक मधला मार्ग ॲपलने उघडी गाणी विकायच्या पहिल्याच दिवसापासून वापरला होता. उघडी फाईल दिली, पण तिच्या पोटात विकत घेणाऱ्याचं नाव आणि खात्याचा ईमेल लिहून ठेवला. लोकांना कळलं तेव्हा पाळत ठेवल्याची ओरड झाली. मला स्वतःला याचं फारसं वावडं नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपण नाव घालतो, पुस्तक उसनं देतो, आणि ते भलतीकडे सापडलं की कुणाचं ते कळतं. देणं अडत नाही, फक्त देताना जरा विचार होतो. नाव मी घालणं आणि मला न सांगता दुकानदाराने घालणं, यातला फरक मात्र उरतोच.

बिनकुलपाच्या फाईलीतली मला सर्वांत प्रिय गोष्ट वेगळीच आहे. तिला माझ्याबद्दल काही माहीत नसतं. रात्री दोन वाजता तेच गाणं सलग सात वेळा ऐकलं तर त्याची नोंद कुठेही होत नाही. अर्ध्यावर सोडलं तर कुणाच्या आलेखावर खळगा पडत नाही. व्यवहार पैसे देताना संपला. दुकान मला विसरलं तरी गाणं वाजतं, आणि दुकान मेलं तरी वाजतं. याची किंमत अशी की सांभाळायची जबाबदारीही माझीच. हार्ड डिस्क एका दुपारी गप्प होते, तेव्हा दुसरी प्रत कुठे ठेवली हे मला माहीत असावं लागतं. कलावंतांची नावं नीट भरा, एकाच नावाचे तीन स्पेलिंग एक करा, मुखपृष्ठाची चित्रं शोधा. ही धुणीभांडी भाड्याच्या घरात करावी लागत नाहीत.

आणि भाड्याचं घर म्हणजे अर्थातच स्ट्रीमिंग. गंमत पाहा, आयट्यून्सने कुलूप काढायची घोषणा करण्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, स्वीडनमधून स्पॉटिफाय सुरू झालं होतं. अमेरिकेत सुट्या डिजिटल गाण्यांची विक्री २०१३ साली पहिल्यांदा घटली, आणि मग घटतच गेली. स्ट्रीमिंगमध्ये कुलूप आहे. ऑफलाइन ऐकायला म्हणून आपण उतरवतो ती फाईल त्या ॲपबाहेर वाजत नाही, महिन्याकाठी एकदा तरी इंटरनेटला तोंड दाखवावं लागतं, आणि वर्गणी थांबली की सगळं थांबतं. हे २००५ साली विकलेल्या गाण्यांवरच्या कुलपांहून कडक आहे. तरी कुणी निषेध करत नाही, मीही करत नाही. माझ्या फोनवरही ते ॲप आहे. कारण इथे ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं बटणच नाही. भाड्याला कुलूप असणारच, हे आपल्याला समजतं. चीड आली होती ती विकल्याचे पैसे घेऊन भाड्याच्या अटी लावण्याची. पण भाड्याच्या घरातली गाणी घरमालकाच्या करारांवर राहतात. परवा ऐकलेला एखादा अल्बम आज यादीत करडा पडलेला दिसतो, नाव आहे पण दाबून काही होत नाही, आणि का ते कुणी सांगत नाही.

मग उघडी फाईल तरी पूर्ण माझी आहे का? याचं उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात मिळालं. रीडिजी नावाच्या कंपनीने २०११ साली जुन्या डिजिटल गाण्यांचा बाजार मांडला. सेकंडहँड सीडी विकता येते, मग आयट्यून्सवर घेतलेलं गाणं का नाही? त्यांची पद्धत मोठी काळजीपूर्वक बेतलेली होती. विकणाऱ्याच्या संगणकावरून फाईल तुकड्या-तुकड्याने उचलायची, एक तुकडा तिकडे पोहोचला की इकडचा पुसायचा, म्हणजे अख्खं गाणं एका वेळी दोन ठिकाणी कधीच नसेल. कॅपिटल रेकॉर्ड्सने दावा लावला. २०१३ साली खालच्या कोर्टाने आणि २०१८ साली वरच्या कोर्टाने निकाल दिला तो रीडिजीच्या विरुद्ध. तुकड्यांनी का होईना, गाणं नव्या डिस्कवर उमटलं म्हणजे नवी प्रत निघाली, आणि प्रत काढायचा हक्क मालकाचा. जुनी पुसली की नाही हा मुद्दाच नाही.

मात्र त्याच निकालात कोर्टाने एक वाट दाखवली आहे. गाणं ज्या वस्तूवर पहिल्यांदा कायदेशीरपणे उतरलं ती वस्तू, मग तो पेनड्राइव्ह का असेना, तुम्ही आतल्या गाण्यांसकट विकू शकता. शेकडो गाणी भरलेले असे पेनड्राइव्ह विकणं काही अशक्य नाही. हे वाचल्यापासून मी नव्याने घेतलेली गाणी थेट एका वेगळ्या पेनड्राइव्हवरच उतरवते, आणि त्यावर घेतल्याची तारीख चिकटवते. विकणार कुणाला, हा प्रश्न अलाहिदा.